मुलाखतीचे गाव बदलत गेले

आमच्या घराच्या तीन पिढ्या अर्ज लिहिण्यात गेल्या. आजोबा उदगीरच्या तहसील कचेरीबाहेर बसून उर्दूत दरख्वास्ती लिहीत. वडील नांदेडच्या कोर्टात वकिलाचे कारकून झाले आणि त्यांच्यामागे त्याच टेबलावर मी बसलो. आजोबांना लोक मुन्शीजी म्हणत. एखादा म्हातारा पक्षकार आला की मलाही अजून तीच हाक येते. वारसा, बांधाची भांडणे, पोटगी, सगळे लिहिले. पण तिन्ही पिढ्यांत एक गिऱ्हाईक कधी तुटले नाही, ते म्हणजे ज्या घरचे माणूस तुरुंगात आहे ते घर. आजोबा अशा लोकांकडून पैसे ठरवून घेत नसत, देतील ते घेत. वडील ठरवून घेत, कारण घर चालवायचे होते. मी दोघांच्या मधला.

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आठवणींच्या पुस्तकांत बराकी आहेत, बेड्या आहेत, तुरुंगातली भाकरी आहे. फाटकाशी उभी असलेली बाई मात्र एकदोन ओळींत येते आणि जाते. ती कुठून आली, भाडे कोणी दिले, तिचा अर्ज कोणी लिहिला, रात्री मुक्काम कुठे केला, हे कुणी विचारलेले नाही. माझा विषय ती बाई. ती सत्याग्रह्याची बायको असो की खुनाच्या आरोपीची आई, फाटकाशी दोघींना सारखेच थांबावे लागे. लोक फक्त पहिलीला नमस्कार करत आणि दुसरीकडे बघत नसत.

आधी भूगोल सांगतो, कारण तो आता कुणाच्या लक्षात नसतो. निजामाच्या राज्यात लातूर हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात. नांदेड तेव्हाही जिल्हाच. उदगीरच्या माणसाला अटक झाली की घरचे बिदरच्या वाटेला लागत. शिक्षा मोठी असेल तर गुलबर्गा, नाही तर थेट हैदराबादेतला चंचलगुडा. नांदेडवाल्यांचे त्यातल्या त्यात बरे होते. १९०० च्या सुमारास सुरू झालेली गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज गाडी हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाई. निजामाबादचा तुरुंग एका अंगाला, औरंगाबादचा दुसऱ्या अंगाला आणि नांदेड मध्ये. लातूरलाही बार्शी लाइटची छोटी गाडी होती, पण ती कुर्डुवाडीला, म्हणजे इंग्रजी हद्दीकडे जाणारी. आडतीच्या मालाला ती सोयीची होती. निजामाच्या तुरुंगात माणूस असलेल्याला तिचा काही उपयोग नव्हता.

वाट एकवेळ कापता येई, कागद मात्र अडवून धरी. राज्यकारभाराची भाषा उर्दू. उदगीरकडची बाई घरात मराठी बोले, बाजारात कानडीचे चार शब्द आणि मोडकीतोडकी दखनी, पण कचेरीतले काहीच तिला वाचता येत नसे. त्यावर तारखा फसली सालाच्या. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि त्याच्या महिन्यांची नावे इराणी. आजोबांची एक जाड वही माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी तक्ता काढून ठेवला होता. उजवीकडे उर्दू लिपीत आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे महिने आणि डावीकडे त्यांच्या जवळ येणारे मराठी महिने, मोडीत. खाली बारीक अक्षरात सणांची नावे. कारण "तुझी भेट इस्फंदारच्या अमुक तारखेला" असे सांगून कुणाला काही कळत नसे. "संक्रांतीच्या आधीचा सोमवार" म्हटले की कळे. पान तेलकट बोटांनी काळे पडलेले आहे, म्हणजे तक्ता रोज उघडला जात होता.

त्या वहीत दरख्वास्तीचे कच्चे मसुदेही आहेत. साचा एकच: सरकारला उद्देशून लांबलचक मायना, मग अर्जदार बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, मौजा, तालुका, मग गुन्हा, मग विनंती आणि शेवटी अंगठा. विनंतीचे वाक्य दर वेळी वेगळे असे आणि आजोबांची हुशारी तिथे दिसते. "भेट मिळावी" एवढेच लिहिले तर अर्ज पडून राही. मूल आजारी आहे, जमिनीच्या कागदावर कैद्याची सही हवी आहे, सारा थकला आहे, असे सरकारच्याही कामाचे काही जोडले की अर्ज हलायचा. बायकोला नवऱ्याचे तोंड बघायचे आहे हे कारण तेव्हाच्या कचेरीला पुरेसे वाटत नसे. आताच्या कचेरीलाही ते फारसे पुरत नाही, पण त्याकडे पुढे येतो.

पैशांची गोष्ट आणखी निराळी. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, सोलापूर-बार्शीकडे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. निजामाचे टपाल वेगळे, इंग्रजांचे वेगळे. सोलापुरात गिरणीत कामाला असलेल्या भावाने बिदरच्या कैद्याच्या घरी पैसे पाठवले तर ते हद्द ओलांडून, दुसऱ्या नाण्यात मोडून हाती पडत. म्हणून लोक टपालापेक्षा बैलगाडीवाल्यावर आणि बाजारकऱ्यांवर भरवसा ठेवत.

१९३८ साली या वाटेवर एकदम गर्दी झाली. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी होती. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला आणि लगोलग स्वामी रामानंद तीर्थांनी. गांधीजींच्या सल्ल्यावरून तो सत्याग्रह २४ डिसेंबरला थांबवला गेला, पण आत गेलेले आतच राहिले. स्वामीजी संन्यासी, त्यांच्यामागे बायकामुले नव्हती. त्यांच्या मागोमाग गेलेल्या मास्तरांना, वकिलांना, शेतकऱ्यांच्या पोरांना मात्र घरे होती. संन्याशाचा तुरुंगवास आणि संसारी माणसाचा तुरुंगवास एका मापाने मोजू नये असे मला नेहमी वाटते. संसारी माणूस आत गेला की शिक्षा घरालाही होते, आणि तिची मुदत कुठल्याच निकालपत्रात लिहिलेली नसते.

उदगीरला त्या वर्षी जे घडले त्याने आमचे गाव हादरले. आर्य समाजाचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे सख्खे भाऊ. श्यामलाल यांना पकडून बिदरच्या तुरुंगात ठेवले होते. तिथेच डिसेंबर १९३८ मध्ये ते वारले. त्यांना तुरुंगात नीट वागवले गेले नाही, औषधपाणी झाले नाही, असा आर्य समाजाचा आरोप होता. गावात पुढे त्यांच्या नावाची शाळा निघाली. आजोबा सांगत, ती बातमी आली त्या आठवड्यात त्यांच्याकडे बिदरला माणूस असलेल्या घरांची रीघ लागली. यात आर्य समाजाचा कुणी नव्हता. कुणाचा नवरा चोरीत, कुणाचा भाऊ मारामारीत आत होता. कुणालाच भेट नको होती. माणूस जिवंत आहे एवढे सरकारने लिहून द्यावे, असा अर्ज हवा होता. त्याचा मसुदा वहीत आहे. उत्तर आल्याची नोंद नाही.

त्याच महिन्यात सोलापुरात बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्यांची मोठी परिषद झाली आणि १९३९ च्या आरंभापासून पंजाब, संयुक्त प्रांत, कुठून कुठून सत्याग्रही येऊन गुलबर्गा, औरंगाबाद, हैदराबादचे तुरुंग भरू लागले. ऑगस्टमध्ये तो लढा मिटला. या लोकांमागे संघटना होती, वर्तमानपत्रे होती. आमच्याकडच्या साध्या कैद्यामागे फक्त त्याची बायको होती.

१९४७-४८ मध्ये सगळेच विस्कटले. नांदेडकडचे तरुण एक तर तुरुंगात, नाही तर हद्दीपलीकडे उमरखेडच्या छावणीत. घरच्यांना दोन्हींत फरक कळत नसे, कारण दोन्हीकडून पत्र येत नसे. ३० जानेवारी १९४८ ला सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली, त्यानंतर तर कुणाशी नाते आहे हे सांगणेही धोक्याचे झाले. आजोबांच्या वहीत या काळातली पाने जवळजवळ कोरी आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले, राजकीय कैदी सुटले, मिरवणुका निघाल्या. इथे आपल्या आठवणींची पुस्तके संपतात. तुरुंग मात्र रिकामे राहिले नाहीत. निजामाच्या बाजूने लढलेले रझाकार म्हणून, रझाकारांचे साथीदार म्हणून, पुष्कळदा नुसत्या संशयावरून मुसलमान पुरुष पकडले गेले. या काळातल्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदवले त्यांत उस्मानाबाद, बिदर आणि नांदेड होते, चौथा गुलबर्गा. म्हणजे आजचे लातूर आणि नांदेड दोन्ही त्यात आले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. तो १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. त्याच्यामागे गेलेल्या किंवा न गेलेल्या बागवान, पिंजारी, तांबोळी घरांतल्या बायका मात्र इथेच होत्या. आता त्या आजोबांपुढे बसू लागल्या. या गिऱ्हाइकांना उर्दू येत होती, पण कचेरीत उर्दूचे दिवस भरत आले होते. आजोबांनी त्यांचेही अर्ज लिहिले. गावातल्या काही लोकांनी त्यावरून त्यांच्याशी बोलणे टाकले. हे मी वडिलांकडून ऐकले. आजोबा स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत.

मग १ नोव्हेंबर १९५६. बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, हैदराबाद आणि निजामाबाद आंध्रात. उदगीर, अहमदपूर, निलंगा उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषिक राज्यांचा आनंद खराच होता, पण मुलाखतीचे, म्हणजे तुरुंगातल्या भेटीचे, गाव या रेषेने बदलून टाकले. कालपर्यंत उदगीरची माणसे दिवसात बिदरला जाऊन परत येत. आता लांब शिक्षेच्या कैद्यासाठी मराठवाड्यात एकच मध्यवर्ती तुरुंग उरला, औरंगाबादचा हर्सूल. लातूर भागातून तो अडीचशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहूनही तेवढाच. तिथे जागा नसेल किंवा बदली झाली तर येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूरचा कळंबा, नागपूर. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, पुढे लातूरला स्वतःचे जिल्हा कारागृहही आले, पण जिल्हा कारागृह हे मुख्यतः कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्यांसाठी. शिक्षा लागली, माणूस पक्का झाला, की हर्सूलची वाट.

ही वाट वडिलांनी पाहिली आणि पक्षकारांबरोबर मीही पाहिली. रात्रीची एसटी, पहाटे औरंगाबाद, तिथून हर्सूल. फाटकाशी नाव नोंदवायचे, नाते सांगायचे, पिशवी दाखवायची. मग झाडाखाली बसून पुकारा व्हायची वाट बघायची. आत जाळी. जाळीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आठ-दहा घरे बोलत असायची, त्यामुळे प्रत्येक जण ओरडायचा. बायको ओरडून सांगायची की म्हैस विकली, आणि पलीकडून तिसऱ्याच बाईचा नवरा विचारायचा, "कितीला?" मुलाखत संपल्याची शिट्टी झाली की खरे बोलायचे ते राहिलेले असायचे. पुढे काही ठिकाणी काच आणि इंटरकॉम आला. आवाज स्पष्ट झाला, पण बोटाला बोट लावता यायचे तेही गेले.

पिशवीत असायचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दसरा-दिवाळी असेल तर करंज्या. कायद्याने घरचे खाणे मागवायची सवलत कच्च्या कैद्याला आहे, तीही परवानगीने, पक्क्याला नाही. हे पहिल्यांदा येणाऱ्या बाईला माहीत नसायचे. धपाटे फाटकातूनच परत यायचे आणि ती ते झाडाखाली बसलेल्या अनोळखी पोरांना वाटून टाकायची. परत घरी नेत नसत. मी कुणालाच ते परत नेताना पाहिले नाही.

आत पोचायचे ते पैसे आणि कागद. मनीऑर्डर कैद्याच्या खात्यावर जमा व्हायची आणि तो कँटीनमधून साबण, तेल, बिडी, फरसाण घ्यायचा. उलट दिशेनेही मनीऑर्डर यायची हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. आत काम करणाऱ्या कैद्याला मजुरी मिळते आणि तो ती घरी पाठवू शकतो. रक्कम फार लहान. पण देगलूर तालुक्यातल्या एका घरात मी पाहिले आहे, आलेले पैसे खर्च न करता पावतीसकट देवाजवळ ठेवलेले. पत्र म्हणजे पंधरा पैशांचे कार्ड किंवा अंतर्देशीय. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र तुरुंगात वाचले जाई. म्हणून आमच्या टेबलावर पत्र लिहिताना बायका आवाज बारीक करून विचारत, "हे त्ये लोक वाचतील का?" वाचतील म्हटले की निम्मा मजकूर गळायचा. उरायचे पाऊसपाणी, बाजारभाव आणि सर्वांचा नमस्कार.

या कागदांनी कधीकधी मोठी कामे केली, आणि त्यातले एक मराठीतले आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट नेते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले आणि छापण्यासाठी हस्तलिखित बायकोकडे पाठवू द्या म्हणून मागणी केली. सरकारने नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. दुसरे तिहार तुरुंगातले. सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली. तीच याचिका मानून न्या. कृष्णा अय्यर यांच्या पीठाने डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. आणि जानेवारी १९८१ मध्ये फ्रान्सिस मुलिन खटल्यात न्या. भगवतींनी स्पष्ट केले की घरच्यांना आणि वकिलाला भेटणे हा कैद्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही मुलिनबाई परदेशी होती, स्थानबद्ध होती आणि तिला आपल्या लहान मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत होते. आमच्या वकीलसाहेबांच्या कपाटात या निकालाचा खंड होता. मी इंग्रजी अडखळत वाचतो, पण तो परिच्छेद वाचला आहे. आजोबांनी दरख्वास्तीत जे कारण लपवून सारा आणि सही पुढे केली, ते कारण अखेर कायद्याच्या पुस्तकात आले.

आणीबाणीबद्दल थोडक्यात. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आमच्याकडचेही लोक आत गेले. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हेही. त्या पावणेदोन वर्षांत प्रतिष्ठित घरांतल्या बायका पहिल्यांदा तुरुंगाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर काही पुढाऱ्यांनी तुरुंगसुधारणेची भाषणे केली. ती फार दिवस टिकली नाहीत.

खरा झगडा असे तो रजेचा. १९५९ च्या नियमांनी कैद्याला दोन रजा दिल्या: फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. शिक्षेचा ठरलेला भाग भोगला की संचित रजा, घरात मृत्यू, आजारपण, लग्न असे काही निघाले तर अभिवचन. कागदावर सरळ. प्रत्यक्षात जामीन राहणारा नातेवाईक हवा आणि गावच्या पोलिसांचा अहवाल हवा. अहवालात एक वाक्य ठरलेले असते: कैदी गावात आल्यास शांततेस बाधा येण्याची शक्यता आहे. या एका वाक्यावर किती म्हातारे बाप मुलाचे तोंड न बघता गेले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आणि जी जात मुळातच पोलिसांच्या वहीत आहे तिला तर हे वाक्य चुकतच नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही. घरातला माणूस पोलिसांनी नेला की मागे काय होते हे ज्याला आतून वाचायचे असेल त्याने लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचावे.

ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, त्याचा या लोकांना फार उपयोग झाला. त्याआधी नाकारलेल्या रजेविरुद्ध मुंबई गाठावी लागे, म्हणजे कुणी गाठत नसे. आता नांदेडहून सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसमध्ये बसले की खंडपीठ. त्या गाडीच्या डब्यात काळे कोट, फायली आणि डबे घेतलेले पक्षकार दाटीवाटीने बसतात, आणि अर्धे वकील सल्ला गाडीतच देऊन टाकतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची रात्र संपत आली होती, किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा तालुक्यांतली गावे बसली. औसा तालुक्यातला आमचा एक पक्षकार तेव्हा हर्सूलला होता. रेडिओवर त्याने गावाचे नाव ऐकले. त्याचे कार्ड वकीलसाहेबांच्या पत्त्यावर आले, कारण घराचा पत्ता उरला असेल याची त्याला खात्री नव्हती. कार्डावर मायना नव्हता, मजकूर नव्हता. एकाखाली एक नावे होती: आई, बायको, मुले, भाऊ, भावजय, चुलता. प्रत्येक नावापुढे रेघ मारून जागा मोकळी ठेवलेली. खाली एकच ओळ: पुढे आहे किंवा नाही एवढे लिहा. मी पत्र्यांच्या शेडमध्ये विचारत फिरलो. त्या शेडवर अजून नंबरही पडले नव्हते. ते कार्ड भरून परत पाठवणे हे माझ्या सगळ्या लिखाणातले सर्वांत छोटे काम, आणि मी ते वडिलांना बरोबर बसवून केले. त्याला रजा मिळाली, पण जामीन राहायला घरचे कुणी धड नव्हते, मावसभाऊ राहिला. रजा संपल्यावर तो ठरल्या दिवशी हजर झाला.

गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ बदलले आणि ते मी मोकळेपणाने कबूल करतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना कैदी बापाला, आईला जवळ घेता यावे म्हणून राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ सुरू झाली. मधली जाळी नाही, काच नाही. नांदेडच्या एका पोरीने परत आल्यावर मला एवढेच सांगितले की बाबांच्या अंगाला घरच्यासारखा वास येत नाही. १ मे २०२२ पासून येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना आहे. कैद्याच्या आतल्या मजुरीवर घरच्यांसाठी पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के. आत बसलेला माणूस पोरीची फी भरतो, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला माझा नमस्कार. पैठणचे खुले कारागृह तर १९६८ पासून आहे; शेतात काम, पहारा कमी आणि सूट जास्त. तिथे माणूस गेला की त्याच्या घरची चाल बदलते हे मी पाहिले आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाने सगळ्या मुलाखती बंद पडल्या. त्यानंतर व्हिडिओवरची ई-मुलाकत रुळली. नांदेडहून हर्सूलला जाण्याचा एक दिवस, दोन वेळचे भाडे आणि बुडालेली मजुरी वाचली, हे साधे नाही. पण पोर्टलवरचा फॉर्म इंग्रजीत आहे. बाई मोबाइल घेऊन नेट कॅफेतल्या पोराकडे जाते, तो नाव, नाते, तारीख भरतो आणि पन्नास रुपये घेतो. उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि आजोबांच्या जागी हा पोरगा. ठरवून घेतो, म्हणजे वळण माझ्या वडिलांचे.

एका बदलाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कच्च्या कैद्याच्या घरच्यांची खरी भेट तुरुंगात होतच नसे, कोर्टात तारखेला होई. गाडीतून उतरवून कोर्टाच्या व्हरांड्यात बसवले की शेजारी आई येऊन बसायची. शिपाई भला असेल तर तोंड फिरवून उभा राहायचा. ती भज्यांचा पुडा द्यायची, पोर मांडीवर द्यायची, आणि दहा मिनिटांत घरचे सगळे बोलून व्हायचे. नियमात ही भेट कुठेही नव्हती, म्हणून ती कुणी मोजली नाही. आता तारीख व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. कैद्याला आणायचा खर्च आणि पोलीसबळ वाचते, कामही लवकर होते. पण आई तारखेला येते, भिंतीवरच्या पडद्यावर दोन मिनिटे मुलगा दिसतो, तोही न्यायाधीशांकडे बघणारा. पुड्यातली भजी मग आम्ही कारकून खातो. पडद्यावरच्या तारखेला महिन्यातून एक तरी प्रत्यक्ष तारीख जोडली, तर सरकारचे फार बिघडणार नाही.

शेवटी एक कामाचे सांगतो, कारण अजून दर आठवड्याला कुणी तरी वकिलाच्या फीसाठी शेत गहाण टाकून आमच्या टेबलाशी येते. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो. रजेच्या अर्जासाठी मदतही तिथे मागता येते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. कुणाच्या घरचे माणूस आत असेल तर सावकाराच्या दारी जाण्याआधी तिथे जा. अर्ज मराठीत चालतो आणि त्याला फी नाही.